एरंडोलचा कागद आणि एरंडोलचे पान

एरंडोल म्हटले की पांडववाडा आठवतो, नाहीतर जवळच्या पद्मालयाचे दोन गणपती. अंजनी नदीकाठच्या या गावाची तिसरी एक ओळख क्वचितच निघते. ती कागदाची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतील खानदेशाचा बारावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश काळातील गॅझेटियरकारांनी एरंडोलविषयी आवर्जून नोंदवले आहे की येथील जाडाभरडा देशी कागद एके काळी नावाजलेला होता आणि तो धंदा अद्याप थोडाफार चालू आहे.

हातकागदाची रीत दख्खनेत सर्वत्र साधारण सारखीच होती. जुना ताग, दोरखंड, चिंध्या कुटायच्या, चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, नदीवर धुवायच्या. लगदा हौदात सोडून गवती चाळणीवर पातळ थर उचलायचा. ओली पाने भिंतीला चिकटवून वाळवायची, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायची. घोटल्यावाचून बोरूची शाई पसरत असे. दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची कीर्ती मोठी. एरंडोलचा कागद त्या मानाने गरीब, रोजच्या वापराचा. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे हौद कोरडे पडत गेले.

आज ‘एरंडोलचे पान’ म्हटले तर अर्थ निराळा होतो. मराठी विकिपीडियावर एरंडोलचे पान आहे आणि संगणकावर तीन ओळी लिहिणाऱ्या कोणालाही ते मागवता येते. पहिल्या ओळीत ‘पायविकिबॉट’ नावाची लायब्ररी बोलवायची, दुसरीत मराठी विकिपीडिया हे स्थळ सांगायचे, तिसरीत ‘एरंडोल’ या शीर्षकाचे पान मागायचे. क्षणभरात मजकूर हाती येतो. हा धागा त्या तीन ओळींच्या इतिहासाचा आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा. संकेतस्थळाला दोन दरवाजे असतात. एक माणसांसाठी: रंग, चित्रे, बटणे, जाहिराती. दुसरा यंत्रांसाठी. तेथे शोभा नाही. ठरलेल्या साच्यात प्रश्न टाकायचा आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचे. या दुसऱ्या दरवाजाचे, त्याच्या नियमांसह, नाव एपीआय. या नियमांशी प्रत्येकाने स्वतः झगडू नये म्हणून कोणीतरी आगाऊ लिहून ठेवलेला तयार कार्यक्रमसंच म्हणजे क्लायंट लायब्ररी.

मराठी इतिहासाच्या वाचकाला यासाठी परकी उपमा शोधण्याची गरज नाही. मोडी पत्रव्यवहारात मायना असे. राजाला कोणता, गुरूला कोणता, बरोबरीच्या सरदाराला कोणता, खाली लिहिताना कोणता, हे सारे ठरलेले. हेमाडपंताच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके आणि बाळाजी आवजींच्या नावाशी जोडलेली लेखनप्रशस्ती ही याच शास्त्राची परंपरा. मायना चुकला तर आतला मजकूर कितीही खरा असो, पत्राचा अवमान ठरे. म्हणून अर्जदार कारकुनाकडे जाई. अर्जदाराने फक्त गाऱ्हाणे सांगायचे. मायना, तारीख, शिक्का, कोणत्या दप्तरात पत्र द्यायचे, हे कारकुनाचे काम. एपीआय म्हणजे त्या दरबाराचा लेखनसंकेत, आणि क्लायंट लायब्ररी म्हणजे तो कारकून.

हा कारकून काय काय करतो ते एका शब्दावर पाहता येईल. ‘एरंडोल’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात तो सहा खुणांचा आहे: ए, र, अनुस्वार, ड, ओकाराची मात्रा, ल. साठवताना प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे एकूण अठरा. वेबच्या पत्त्यात देवनागरी तशीच पाठवता येत नाही. प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन अंक-अक्षरे अशा रूपात लिहावा लागतो. अशा रीतीने तारेवर धावणारे एरंडोल चौपन्न चिन्हांचे होते. तीन ओळी लिहिणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. तो ‘एरंडोल’ लिहितो, पुढचे लायब्ररी पाहते.

‘लायब्ररी’ हा शब्द मात्र रूपकापेक्षा अधिक आहे, आणि येथे कागद पुन्हा भेटतो. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजमध्ये ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला. त्याला आज्ञा दिल्या जात त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येक जण नव्याने लिहितो आणि प्रत्येक जण नव्याने चुकतो. मग तपासून खात्री केलेल्या फिती एका कपाटात क्रमाने ठेवण्यात आल्या. ज्याला हवी त्याने ती फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत परत जागेवर ठेवायची. खरोखरीचे ग्रंथालयच होते ते. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली यावर पुस्तक लिहिले. कार्यक्रमलेखनाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. ‘ॲप्लिकेशन प्रोग्रॅम इंटरफेस’ हा शब्दप्रयोग १९६८ च्या एका शोधनिबंधात आढळतो. दूरच्या कंपनीच्या सेवेला वेबवरून प्रश्न विचारण्याची चाल २००० नंतरची: त्या वर्षी ईबेने असा दरवाजा उघडला, २००२ साली ॲमेझॉनने.

विकिपीडियाची कथा या दोन तारखांच्या मधोमध सुरू होते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया निघाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. तेव्हा तेथे यंत्रांसाठी दरवाजाच नव्हता. तरीही यंत्रे आली. २००२ च्या ऑक्टोबरात ‘रॅमबॉट’ने अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांवरून तीस हजारांहून अधिक गावांची पाने इंग्रजीत उभी केली होती. २००३ मध्ये रॉब हूफ्ट, आंद्रे एंगेल्स आदी स्वयंसेवकांच्या हातून पायथन भाषेत एक कार्यक्रमसंच आकाराला आला. त्याचे तेव्हाचे नाव पायविकिपीडियाबॉट.

दरवाजा नसताना हा संच आत शिरे कसा? माणसाच्याच दरवाजाने, माणसाचे सोंग घेऊन. पान हवे असेल तर तो ‘संपादन’ बटण दाबल्यावर उघडणारे पृष्ठ मागवी. त्या पृष्ठात बटणे, सूचना, परवान्याची टीप असे पुष्कळ असे. त्या गर्दीतून मजकुराची पेटी कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे हेरून तो आतला भाग कापून घेई. तंत्रज्ञ याला खरडणे म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. पृष्ठाची मांडणी जराशी बदलली की खरवडणी फसे.

मराठीसारख्या भाषांना याची झळ अधिक. विकिपीडियावर पानांचे प्रकार नामविश्वांनी ओळखले जातात: इंग्रजीत ‘कॅटेगरी’, मराठीत ‘वर्ग’, तिकडे ‘टेम्प्लेट’, इकडे ‘साचा’, तसेच ‘चित्र’, ‘सदस्य’, ‘चर्चा’. ही नावे प्रत्येक भाषेसाठी लायब्ररीच्या एका धारिकेत हाताने लिहून ठेवलेली असत. मराठी समाजाने एखादे नाव बदलले तर परदेशातल्या कोणा स्वयंसेवकाने ती धारिका दुरुस्त करीपर्यंत सांगकामे चुकीच्या नावाने हाक मारीत राहायचे. सांगकाम्या हा बॉटसाठी मराठी विकिपीडियावर रूढ झालेला शब्द. सांगितले तेवढेच करणारा नोकर. बोलीतली त्या शब्दामागची किंचित थट्टा येथे अगदी चपखल बसते.

२००६ साली युरी अस्त्राखान यांनी मीडियाविकी या विकिपीडियाच्या मूळ प्रणालीसाठी एपीआय लिहिला. आरंभी त्यातून केवळ वाचता येत असे. लिहिण्याची सोय त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी झाली. आता नामविश्वांची नावे धारिकेत कोरून ठेवण्याचे कारण उरले नाही. लायब्ररीने आल्याबरोबर सेवेलाच विचारायचे: तुझ्याकडे ‘वर्ग’ला काय म्हणतात? उत्तर त्या क्षणी खरे असेल तेच येते.

यानंतर जे घडले ते या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. २००८ च्या सुमारास रसेल ब्लाउ आणि इतरांनी लायब्ररीची नव्याने उभारणी सुरू केली. खरडण्याचा सारा जुना पाया काढून त्या जागी एपीआय बसवायचा होता. घराच्या पायाचे दगड एकेक करून बदलायचे, तेही माणसे आत राहत असताना. काही नावे बदलली, पण गाभ्याची टिकली: पान म्हणजे ‘पेज’, आणि त्याचा मजकूर मागणे म्हणजे ‘गेट’. ज्याने २००४ साली एखादा छोटा कार्यक्रम लिहिला होता त्याला नव्या संचात तो पुन्हा ओळखता येत होता. दरबार बदलला, लेखनसंकेत बदलला, अर्जदाराची भाषा जवळजवळ तीच राहिली. चांगल्या कारकुनाची परीक्षा याहून वेगळी काय असते?

कारकून आणखी एक काम करतो, त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते. तो अर्जदाराला आवरतो. एपीआय एका खेपेस यादीतील पाचशे नोंदी देतो, मान्यताप्राप्त सांगकाम्याला पाच हजार. पुढच्या हव्या असतील तर उत्तरासोबत आलेली ‘येथून पुढे’ ही खूण परत पाठवावी लागते. लायब्ररी ती खूण स्वतः सांभाळते. विकिपीडियाचे मुख्य कोठार आणि त्याच्या प्रती यांत अंतर पडू लागले, म्हणजे प्रती मागे राहू लागल्या, तर पायविकिबॉट थांबतो; सर्वसाधारण मर्यादा पाच सेकंदांची. दोन लेखनांमध्ये तो मुद्दाम काही सेकंद जाऊ देतो. आणि प्रत्येक विनंतीसोबत तो आपली ओळख सांगतो: कोणता कार्यक्रम, कोणती आवृत्ती. विकिमीडियाच्या नियमानुसार निनावी यंत्राला दरवाजातून परत पाठवता येते. स्वतः कच्चा कार्यक्रम लिहिणारा उत्साही तरुण बहुधा हे सारे विसरतो आणि मग आपल्याला का अडवले म्हणून चिडतो.

सांगकाम्यांचे त्या काळातील मुख्य काम होते आंतरभाषिक दुवे. एखाद्या गावाचे पान शंभर भाषांत असेल तर प्रत्येक पानावर इतर नव्व्याण्णवांचे दुवे हवेत, म्हणजे एकूण नऊ हजार नऊशे. एकशेएकावी भाषा आली की शंभर पाने पुन्हा बदलायची. हे काम माणसाचे नव्हेच. अनेक छोट्या विकिपीडियांच्या ‘अलीकडील बदल’ यादीत त्या वर्षांत माणसांपेक्षा यंत्रांचीच पावले अधिक उमटलेली दिसतात. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडेटा सुरू झाला: प्रत्येक विषयाला एक क्रमांक आणि सर्व भाषांतील पाने त्या एका क्रमांकाला टांगलेली. ६ मार्च २०१३ रोजी ही व्यवस्था मराठीसह उरलेल्या सर्व विकिपीडियांवर आली. त्यानंतर सांगकाम्यांना पानापानांवरचे दुवे काढून टाकण्याचे काम मिळाले. एक दशक जे रचले ते स्वतःच्याच हाताने उचलायचे, आणि तेही बिनतक्रार.

पण सोयीची दुसरी बाजू याच काळात उघडी पडली. लायब्ररीमुळे एक पान लिहिणे आणि एक लाख पाने लिहिणे यांत कार्यक्रमाच्या दृष्टीने एका ओळीचा फरक उरला. २००७ साली व्होलाप्युक या कृत्रिम भाषेच्या विकिपीडियाने एक लाख लेखांचा टप्पा ओलांडला. भाषा जाणणारे जगात मोजके. लेख यंत्राने केलेले. पुढे स्वीडनच्या स्वेर्केर योहान्सन यांच्या ‘एलएसजेबॉट’ने फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेत इतकी भर घातली की ती आवृत्ती पन्नास लाखांहून अधिक लेखांची, इंग्रजीखालोखाल जगात दुसरी झाली. त्या भाषेच्या वाचकाला त्यातून किती मिळाले, या प्रश्नाला लेखसंख्या उत्तर देत नाही.

येथे खानदेशातल्याच एका माणसाची आठवण अपरिहार्य आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ सालचा, आजच्या धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा. राज्य स्थापन झाले त्याच १९६० साली मराठी विश्वकोशाच्या कामाची पायाभरणी झाली, शास्त्रीबुवा प्रमुख संपादक झाले आणि वाईला बसून त्यांनी हे काम चालवले. मुख्य मालेचा पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. सोळा वर्षे! नोंदी ठरवायच्या, जाणकार लेखक शोधायचा, मराठी परिभाषा घडवायची, मजकूर तपासायचा, पुन्हा तपासायचा. एलएसजेबॉटला सोळा वर्षांचे काम सोळा मिनिटांचे वाटले असते. विश्वकोशाच्या संथपणाची चेष्टा पुष्कळांनी केली. त्यात तथ्यही होते. पण विश्वकोशातील नोंद कोणीतरी समजून घेऊन लिहिलेली असे, आणि तक्त्यातून निघालेल्या पानाविषयी असे म्हणता येत नाही.

तक्त्यात काय बसते? गावाचे नाव, तालुका, जिल्हा, लोकसंख्या, अक्षांश-रेखांश. एरंडोल सुमारे २०.९ अंश उत्तर आणि ७५.३ अंश पूर्व येथे आहे, हे यंत्र निमिषात सांगेल. कागदाच्या हौदांसाठी तक्त्यात रकाना नाही. ती ओळ कोणीतरी जुने गॅझेटियर उघडून, वाचून, पानावर लिहावी लागते.

आणि जे रकान्यांत बसते तेही खानदेशात सरळ बसत नाही. ‘जळगाव’ मागितले तर कोणते? शहर, जिल्हा, की शेजारच्या बुलढाण्यातले जळगाव जामोद? जुन्या कागदांतील एदलाबाद आज मुक्ताईनगर आहे. ब्रिटिशांच्या नोंदींत धरणगाव एरंडोल तालुक्यात येते. आज तो स्वतंत्र तालुका आहे. १९०६ पर्यंत एकच असलेल्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि ‘पूर्व खानदेश’ हे नावही आता दप्तरातच उरले. पायविकिबॉटची ‘गेट’ ही आज्ञा पुनर्निर्देशनाच्या पानावर आली की मुकाट्याने पुढचे पान आणून देत नाही. हे पुनर्निर्देशन आहे, असे सांगून थांबते आणि निर्णय विचारणाऱ्यावर सोडते. एका नावाची अनेक गावे असतील तर पान नि:संदिग्धीकरणाचे आहे काय, हे तपासण्याची सोयही त्यात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या सोयी आधी शिकाव्यात. चुकीच्या जळगावाची लोकसंख्या बरोबर आकड्यांत मिळणे ही फार फसवी गोष्ट आहे.

देवनागरीचा एक सापळा तर असा की कारकूनही तेथे हात टेकतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र ठेवून टंकले जाई, आणि अनेक जण आजही तसेच टंकतात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी शीर्षके आहेत. ‘ऱ’सारख्या अक्षरांची दोन रूपे मीडियाविकी आपोआप एक करतो, येथे मात्र करत नाही. समोर पान असताना ‘असे पान नाही’ असे उत्तर आले, तर दोष पुष्कळदा या चंद्राचा असतो.

तरुण अभ्यासकाला या साऱ्यातून सर्वांत मोलाचे काय मिळते, तर पानाच्या मजकुरापेक्षा त्याचा इतिहास. एपीआय प्रत्येक पानाची पहिल्या दिवसापासूनची आवृत्तीमालिका देतो: कोणत्या सदस्यनावाने, कोणत्या सेकंदाला, काय बदलले, का बदलले म्हणून काय टीप लिहिली. पायविकिबॉटमध्ये त्यासाठी एकच आज्ञा आहे. पान किती वेळा पाहिले गेले याचे जुलै २०१५ पासूनचे आकडेही निराळ्या एपीआयवर मिळतात. वाचायला खाते लागत नाही. लिहायला लागते, आणि लिहिण्यापूर्वी सेवेकडून एक गुप्त खूण मागून ती परत दाखवावी लागते. जुन्या दप्तरातल्या परवानगीच्या शिक्क्यासारखी. ती मागण्याचे आणि दाखवण्याचे काम पुन्हा लायब्ररीचेच. एरंडोलच्या पानावर उद्या कोणी कागदाविषयी एक ओळ, गॅझेटियरच्या संदर्भासह, घातली तर ती ओळ, घालणाऱ्याचे सदस्यनाव आणि वेळ त्या मालिकेत सर्वांत वर येईल, आणि पुढच्या खेपेस ‘गेट’ म्हणणाऱ्याला ती मजकुरातच मिळेल.